घरोघरी दप्तराची एक जागा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



'संघटन' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. संघटन म्हटले की सभा, ठराव, वर्गणी आणि मिरवणूक यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. या गोष्टी हव्यातच. परंतु ज्यांच्या घरी वेळेवर हवा तो कागद सापडत नाही, त्यांच्या सभेत कितीही ठराव झाले तरी त्यांतून फारसे निष्पन्न होत नाही. संघटनेचा आरंभ घरातून व्हावा असे आमचे मत आहे. म्हणून आज आम्ही एका अगदी लहान दिसणाऱ्या गोष्टीचा आग्रह धरणार आहोत. ती गोष्ट म्हणजे प्रत्येक घरात लिहिण्याची, हिशेबाची व कागदपत्रांची एक निश्चित जागा असावी.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या पूर्वजांचा व्यवसाय घरातच चालत असे. ओसरीवर किंवा घराला लागून असलेल्या छपरीत घाणा असे. जवस, तीळ, शेंगदाणा यांची पोती कोठे ठेवावयाची, तेलाचे भांडे कोठे, ढेप कोठे रचावयाची, मापे कोणत्या खुंटीला, हे सारे ठरलेले असे. डोळ्यांना झापडे बांधलेला बैल वर्तुळात फिरत राही आणि घरचे माणूस अंधारातही हात घालून हवी ती वस्तू काढू शके. आपल्याच वर्ध्यातील मगनवाडीत 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने याच घाण्याचा अभ्यास केला. कुमारप्पांच्या नेतृत्वाखालील त्या संस्थेत झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या. बैलाचे श्रम कमी व्हावेत आणि तेलाचा उतारा वाढावा, हा त्यांचा हेतू होता. सुधारलेला तो घाणा पुढे 'वर्धा घाणी' म्हणून देशभर ओळखला गेला. गिरण्या आल्या आणि बहुतेक घरांतील घाणा थांबला. घाणा गेला याचे दुःख आहेच; परंतु त्याच्याबरोबर घरातील कामाची जागा आणि त्या जागेची शिस्तही गेली, ही हानी मात्र आपल्या लक्षात आली नाही.

दुसरा दाखला याहून थोर आहे. चाकणचे श्रीसंत संताजी महाराज जगनाडे हे आपले आराध्य दैवत. तेलाचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थास हिशेब लिहिण्याची सवय होती; ती लेखणी त्यांनी तुकोबांच्या अभंगांकडे वळविली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा आपण सारे जाणतो. टाळकरी पुष्कळ होते, ऐकणारे तर अगणित होते. परंतु ऐकलेले लिहून ठेवणारे आणि लिहिलेले जपून ठेवणारे थोडे होते. संताजींच्या वह्या त्यांच्यामागे जपल्या गेल्या, आणि विसाव्या शतकात वि. ल. भावे यांना त्यांच्याच आधारे गाथा प्रसिद्ध करता आला. ज्या समाजातील एका पुरुषाने महाराष्ट्राचे धन वहीत सांभाळले, त्या समाजातील घरांत आज आजोबांचा शाळेचा दाखला सापडू नये, ही गोष्ट आपणांस शोभणारी नाही.

जागा लहान आहे, घर गरिबीचे आहे, असे कोणी म्हणतील. त्यांनी एकदा सेवाग्रामला जाऊन यावे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी सेगावी राहावयास आले. आरंभी आदिनिवासात अनेकजण एकत्र राहत. पुढे मीराबेनसाठी बांधलेल्या झोपडीत ते राहू लागले; तीच आजची बापूकुटी. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आत जमिनीवर चटई व बैठक, समोर बुटके मेज, हाताशी लिहिण्याचे मोजके सामान. पाठकोरे कागद आणि आलेली पाकिटेदेखील ते लिहिण्यासाठी वापरीत. एवढ्याशा जागेतून देशभराचा पत्रव्यवहार चाले. 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ठराव केला, त्या काळात साऱ्या देशाचे लक्ष या झोपडीकडे लागलेले होते. त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई आरंभी वर्ध्याहून सेगावपर्यंत पायी ये-जा करीत आणि रोजचे टिपण रोज लिहीत. गांधीजींच्या समग्र लेखनाचे जे शंभर खंड पुढे सरकारने प्रसिद्ध केले, ते अशाच जपलेल्या कागदांतून सिद्ध झाले. सेगावचे नाव सेवाग्राम झाले, त्याचेही एक कारण दप्तरीच होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी नामसादृश्य असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 साली हे नवे नाव रूढ करण्यात आले. पत्र योग्य ठिकाणी पोचावे यासाठी गावाचे नाव बदलले गेले, आणि आपण घरातील कागदासाठी एक कोनाडाही राखून ठेवीत नाही!

हा केवळ टापटिपीचा प्रश्न असता तर आम्ही आपला इतका वेळ घेतला नसता. परंतु यात आपल्या मुलांचे भवितव्य गुंतलेले आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच धावपळ सुरू होते. उपविभागीय अधिकाऱ्यांकडून जातीचे प्रमाणपत्र मिळते. पण व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गीयांना त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा व जातीच्या नोंदीचा पुरावा द्यावा लागतो. म्हणजे ज्या मुलाचा जन्म एकविसाव्या शतकातला, त्याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील कागद हवा असतो. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टराचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचे जुने अभिलेख, जुने खरेदीखत, यांपैकी काहीतरी हवे. शिवाय वंशावळ शपथेवर द्यावी लागते. आजोबांचे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर घरगुती आणि तिसऱ्यावर आडनावाविना असले, की शंकांना आरंभ होतो.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत वर्धा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि स्वातंत्र्यापूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडात. त्यामुळे जुन्या कागदांवर त्या त्या राज्याचे नाव असते. मजकूर कधी हिंदीत, तर कधी मोडीत असतो. वाचता येत नाही म्हणून तो कागद निरुपयोगी समजून रद्दीत घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. सर्वांत मौल्यवान कागद बहुधा तोच असतो! हुशार मुलीचा प्रवेश गुणांअभावी नव्हे तर कागदाअभावी गेला, असे ऐकावे लागते तेव्हा मन विषण्ण होते.

मग करावयाचे काय? खर्च नाही म्हटले तरी चालेल. घरातील एक कोपरा निवडावा; पावसाचे पाणी गळणार नाही आणि भिंतीला ओल येणार नाही एवढे पाहावे. तेथे एक बुटके अथवा उंच मेज, एक दिवा, आणि एक फडताळ किंवा पत्र्याची पेटी असावी. पेटी जमिनीवर न ठेवता विटांवर अगर पाटावर ठेवावी, म्हणजे वाळवीपासून बचाव होतो. कागदांची चार बासने करावीत. पहिल्यात वंशावळ, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले व जातीची प्रमाणपत्रे. दुसऱ्यात सातबारा, आठ-अ, खरेदीखते व कराच्या पावत्या. तिसऱ्यात बँक, विमा व कर्ज. चौथ्यात मुलांच्या गुणपत्रिका. जुन्या कागदावर प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये; ते पुन्हा काढता येत नाही आणि कागद मात्र बिघडतो. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची छायाप्रत बासनात असावी, मोबाईलवर काढलेले छायाचित्र घरातील दोघांपाशी असावे, आणि मूळ कागद कोणासही देताना वहीत तारीख व नाव लिहावे. वंशावळ मात्र आजच लिहावी. घरातील वृद्ध आहेत तोवर ती बिनचूक होते. नंतर केवळ तर्क करावा लागतो.

ही जागा एकट्या कर्त्या पुरुषाची नसावी. किंबहुना घरचे कागद कोठे आहेत हे गृहिणीस ठाऊक असणे अधिक अगत्याचे आहे. बचतगटाचा हिशेब, शिवणकामाची नोंद, दुधाचे मापपुस्तक ही कामे तिला चुलीपाशी बसून का करावी लागावीत? सुनांच्या बाबतीत एक सूचना ध्यानात ठेवावी. जातीचा पुरावा पितृकुलाचा लागतो. तेव्हा मुलीला सासरी पाठविताना दागिन्यांबरोबर तिच्या माहेरच्या दाखल्यांच्या प्रतीही द्याव्यात. संध्याकाळी तेच मेज मुलांच्या अभ्यासाचे व्हावे. अभ्यासाची जागा ठरलेली असली की अभ्यासाची वेळही हळूहळू ठरते.

आता समाजाच्या कार्याविषयी थोडेसे. एका घरात वैधता प्रमाणपत्र मिळाले की त्याच पितृकुलातील पुतण्या-भाच्यांपैकी पुतण्यांना त्याचा मोठा आधार होतो. आपल्याकडे एकाच आजोबांची नातवंडे वर्धा, देवळी, हिंगणघाट आणि आर्वी अशा चार गावी असतात व चौघेही स्वतंत्रपणे तोच पुरावा शोधीत फिरतात. भाऊबंदकीचा वाद असला तरी कागद दडवून ठेवू नये. शेताच्या धुऱ्यावरून भांडण असेल, पण नातवंडांच्या शिक्षणाने त्याची किंमत का द्यावी? ज्या कुळात कागद जपले जातील आणि वाटून घेतले जातील, तेथे संघटना झालीच म्हणून समजावे.

दिवाळीत आपण वहीपूजन करतो. यंदा वहीवर कुंकू वाहण्यापूर्वी त्या वहीला घरात जागा द्यावी, अशी आमची विनंती आहे. 8 डिसेंबरला संताजी महाराजांची जयंती येते. त्या दिवसापर्यंत प्रत्येक सभासद-कुटुंबाने आपली वंशावळ लिहून पुरी करावी आणि बासने बांधावीत, असा संकल्प आपण या सभेत करू या. तरुण मित्रांनी आपापल्या मोहल्ल्यातील वृद्धांकडे जाऊन त्यांस लिहिण्यास साहाय्य करावे. मोडी वाचणारे कोणी असल्यास त्यांनी आपले नाव मंडळाकडे नोंदवावे. पूर्वजांनी घाण्याची जागा जपली, संताजींनी वही जपली. आपण निदान एक कोपरा जपू शकू, असा आम्हांस विश्वास आहे. 

जय संताजी!