घर पाहावें पावसाच्या दृष्टीनें

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. बांधलेलें घर विकत घेणाऱ्यासाठीं मात्र पूर्वजांनीं म्हण करून ठेविली नाहीं. आणि फसगत बहुधा त्याचीच होते.

चंद्रपूर जिल्ह्यांतील सावली हें वैनगंगेच्या खोऱ्यांतील, भाताच्या मुलुखांतील गांव. १९३६ सालीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन येथें भरलें व महात्माजी त्यास उपस्थित होते. सिमेंटचीं घरें आतां पुष्कळ झालीं आहेत. तथापि मातीच्या भिंती, सागाचे वासे आणि कवेलूंचें छप्पर असलेलीं घरें या टापूंत अद्याप नांदत आहेत. अशा घराचा सौदा उन्हाळ्यांत ठरला, तर भिंती नुकत्याच सारवलेल्या, अंगण कोरडें, सारें कसें साजरें दिसतें. तेंच घर श्रावणांत आपलें खरें रूप दाखवितें.

म्हणून घर पायाकडून पाहत वर जावें. प्रथम जोतें. भिंतीच्या पायथ्याशीं हात लावावा. माती पोखरलेली, क्षारानें फुललेली अथवा ओलसर लागली, तर वळचणीचें पाणी तेथें उडतें किंवा जमिनींतील ओल वर चढते, असें समजावें. पायथा भिजून खचला कीं वरची भिंत, कितीहि जाड असो, उभी राहत नाहीं. ती कोसळते तेव्हां आंत माणसें निजलेलीं असूं शकतात. ही तपासणी केवळ पैशाची नव्हे, जिवाची आहे.

दुसरी गोष्ट भेगांची. कन्हार जमीन उन्हाळ्यांत फाटते आणि पावसांत फुगते. तिच्यावरील भिंतीस भेग पडणें नवल नव्हे. परंतु भेग थांबलेली कीं वाढती, हें कळलें पाहिजे. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवून तारीख घालावी. महिना-दोन महिन्यांत पट्टी फाटली, तर भेग वाढते आहे.

तिसरें लांकूड. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, कीं उधई आंत शिरली म्हणून समजावें. वासे व खांब ठोकून पाहावेत; पोकळ आवाज आला तर सुरीचें टोंक रुतवून खात्री करावी. वाशाचें जें टोंक भिंतींत गेलेलें असतें, तेंच बहुधा आधीं कुजतें.

चौथें छप्पर. भर दुपारीं दारें लावून वर पाहावें. जेथून कवडसा येतो, तेथून पाणीहि येणार. वानरांच्या उड्यांनीं कवेलू सरकतात व फुटतात. म्हणून मृगापूर्वीं दरवर्षीं कवेलू फेरून घ्यावेत. हा खर्च टाळणाऱ्यास पुढें वासेच बदलावे लागतात.

पांचवी गोष्ट पाण्याची. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला होता. त्या वेळीं पाणी कोठवर चढलें, हें नदीकांठच्या गांवीं घर घेणाऱ्यानें शेजाऱ्यांस विचारावें. अंगणाचें पाणी कोणत्या बाजूस वाहतें, शेजारच्या छपराच्या पागोळ्या कोठें पडतात, हेंहि पाहावें. पुष्कळ भांडणें तेथूनच उगवतात.

शेवटीं कागद. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें १०० रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या घराचें विक्रीखत नोंदविलेंच पाहिजे. जुनीं खतें, वारसांचीं नांवें व गहाणाचा बोजा हीं पैसे देण्यापूर्वीं तपासावींत.

विकणाऱ्यासहि एक गोष्ट सांगणें आवश्यक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम असें कीं, विकणाऱ्यास ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनहि न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे. तेव्हां भेगेवर शेणामातीचा हात फिरविणें ही चतुराई नव्हे. घेणाऱ्यानेंहि हें ध्यानीं धरावें, कीं साधारण काळजीनें जो दोष दिसला असता, त्याबद्दल मागाहून तक्रारीस फारशी जागा उरत नाहीं.

ज्यांना घर घ्यावयाचें नाहीं, विकावयाचेंहि नाहीं, त्यांनीं वर्षांतून दोनदां, मृगापूर्वीं आणि दिवाळीच्या आधीं, आपल्याच घराभोवतीं परक्याच्या नजरेनें एक फेरी मारावी. रोजच्या राबत्यांत जें नजरेआड होतें, तें त्या फेरींत दिसेल. आणि वेळीं दिसलेला दोष मूठभर मातींत भागतो.