हुजूरपागेच्या मुली

(सुवर्णमहोत्सवी समारंभात हेब्बाळ येथे दिलेले व्याख्यान)



पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथे होती, त्या जागेवर उभी राहिलेली ही मुलींची शाळा. नाव घोड्यांचे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी ते अभिमानाने मिरविले, ही गंमत आम्हांस फार आवडते.

न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक व सर विल्यम वेडरबर्न यांच्या खटपटीने १८८४ च्या सुमारास ही शाळा निघाली. मुलींना हायस्कुलापर्यंत, आणि तेही इंग्रजी शिकवावयाचे, हे त्या काळी सर्वांस रुचणारे नव्हते. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने १८८७ मध्ये या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना संसार सांभाळून जमेल एवढेच, थोडक्या तासांचे शिक्षण द्यावे, असा त्या टीकेचा रोख होता. टिळकांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. पण या वादात काळाने निकाल रानड्यांच्या बाजूने दिला, हे म्हणण्यास आम्ही कचरत नाही.

अशा शाळेचे गुणगान करताना प्रसिद्ध विद्यार्थिनींची यादी वाचण्याचा परिपाठ आहे. आम्ही दोनच नावे घेतो, कारण त्यांची हकीकत आपल्यासारख्या परमुलुखात राहणाऱ्यांची आहे.

गणेश हरि करमरकर नोकरीनिमित्त ब्रह्मदेशात होते. तेथे १९०५ साली त्यांना मुलगी झाली. तेथल्या नदीवरून तिचे नाव इरावती ठेवले. ती सात वर्षांची होताच तिला शिक्षणासाठी हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. मायबाप समुद्रापलीकडे आणि पोर पुण्यात! त्या माऊलीला काय वाटले असेल, ते येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. शाळेत इरावतीची मैत्री शकुंतला परांजपे हिच्याशी झाली. शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे, म्हणजे फर्ग्युसनचे प्राचार्य. त्या घराने इरावतीला दुसरी मुलगी मानून आपल्यात घेतले. पुढे इरावतीबाई कर्वे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगाला ठाऊक झाल्या. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शकुंतलाबाईंनी केंब्रिजहून आल्यावर संततिनियमनाचे कार्य लोकनिंदा सोसून केले. १९९१ मध्ये त्या पद्मभूषण झाल्या.

शाळेने काय दिले? पाठ्यपुस्तके तर दिलीच. परंतु दूरदेशीच्या मुलीला तिने एक मैत्रीण दिली आणि त्या मैत्रिणीमागून एक मराठी घर दिले. याला आम्ही अधिक मोल देतो.

शाळेचे दार उघडले म्हणजे पुढची दारे आपोआप उघडतात, असे मात्र नाही. आपल्या हेब्बाळहून फार लांब नसलेल्या विज्ञानसंस्थेने १९३३ मध्ये कमला भागवत या हुशार पदवीधर मुलीला, ती मुलगी आहे म्हणून, प्रथम नकार दिला होता. संचालक साक्षात सर सी. व्ही. रामन! त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून त्यांना घेण्यात आले. कमला सोहोनी या नावाने त्या पुढे जीवरसायनशास्त्रात गाजल्या.

आता आपल्या घरचे. हेब्बाळची आपली मुले कन्नड, हिंदी, इंग्रजी सफाईने बोलतात, याचा आनंदच आहे. पण मराठीत भांडावयाला, रुसावयाला त्यांना समवयस्क सोबती नाही. मराठी ही केवळ आजीशी बोलण्याची भाषा होऊन बसते. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृह बांधावे की बालवर्ग नियमित चालवावा, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. आम्ही बालवर्गाच्या बाजूचे आहोत. सभागृह आणखी पाचसात वर्षे भाड्याचे चालेल. वर्गाला एक खोली हवी, पुस्तकांचे कपाट हवे, आणि याहून अवघड म्हणजे दर शनिवारी दोन तास देणारी माणसे हवीत. आम्ही उभयतांनी आपली नावे चिटणिसांकडे दिली आहेत. त्यांची वही आज प्रवेशद्वारापाशी ठेवली आहे.