हात नाहीत, पाय नाहीत, मग साप पोहतो कसा?

शेजारी धाकटं भावंडं बसलं असेल तर हेडफोन काढा आणि त्यालाही ऐकू द्या. आजची गोष्ट त्याच्यासाठीसुद्धा आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावात पाण्याच्या जागा किती आहेत बघा. कुकडी, मीना, घोड या नद्या. माणिकडोह, वडज, येडगाव, डिंभे ही धरणं आणि त्यांचे कालवे. पश्चिमेला डोंगराकडे भातखाचरं. शिवाय गावोगावी विहिरी आणि शेततळी. पाणी आलं की बेडूक आले, आणि बेडूक आले की साप आलेच! मग कुणीतरी ओरडतं, "ए, साप पोहतोय बघ!"

आता प्रश्न असा, की सापाला हात नाहीत, पाय नाहीत, माशासारखे पर नाहीत. मग तो पोहतो कसा?

उत्तर एका शब्दात सांगते : ढकलून.

एक दोरी घ्या. जमिनीवर लांब पसरा आणि एक टोक धरून डावी-उजवीकडे हलवा. दोरीतून नागमोडी लाट पुढे पळत गेली ना? सापाच्या अंगातून अशीच लाट जाते, डोक्याकडून शेपटीकडे. आपल्या पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. बऱ्याच सापांना २०० पेक्षा जास्त असतात! म्हणून त्याचं अंग इतकं छान वळतं. एका बाजूचे स्नायू आवळले की अंग तिकडे वाकतं, मग दुसऱ्या बाजूचे आवळतात. असं एकामागून एक चालू राहतं.

आता बादलीत पाणी घ्या. तळहात उभा धरून पाणी मागे ढकला. हाताला जोर लागतो, हो ना? म्हणजे आपण पाण्याला ढकलतो तेव्हा पाणीही आपल्याला ढकलतं. सापाचं अंग असंच पाण्याला मागे आणि बाजूला ढकलतं. डावीकडचा आणि उजवीकडचा धक्का एकमेकांना पुरून उरत नाही. मागचा धक्का तेवढा शिल्लक राहतो, आणि साप जातो पुढे!

मग तो बुडत का नाही? कारण त्याच्या पोटात जणू एक लांबट फुगा आहे. बहुतेक सापांचं उजवं फुप्फुस खूप लांब असतं आणि डावं अगदी छोटं, काहींना तर नसतंच. त्या लांब फुप्फुसात हवा भरली की तरंगायला मदत होते. श्वास घ्यायला तो नाकपुड्या पाण्याबाहेर ठेवतो.

आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा साप म्हणजे दिवड. काहीजण तिला पाणदिवड किंवा विरोळा म्हणतात. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ठिपके असतात. ती बेडूक आणि मासे खाते. ती बिनविषारी आहे, पण चिडली की मान चपटी करते, आणि लोकांना वाटतं, नागच!

इथे दोन गैरसमज सोडून देऊ. पहिला : "पाण्यात दिसला म्हणजे बिनविषारी." नाही! नाग पोहतो, घोणसही पोहते. आपल्या कोकणच्या समुद्रात तर विषारी समुद्री साप राहतात. त्यांची शेपटी वल्ह्यासारखी चपटी असते, पाणी ढकलायला एकदम सोयीची. दुसरा : "साप पाण्यात चावत नाही." अहो, मग दिवड पाण्यात मासा कसा पकडते?

म्हणून पोहताना साप दिसला तर दगड मारायचा नाही, पकडायचं नाही. त्याला बहुतेक वेळा काठच गाठायचा असतो. त्याची वाट सोडा, हळूच बाहेर या, मोठ्यांना सांगा. चुकून चावलाच तर घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. तो हात किंवा पाय हलवायचा नाही. मोठ्यांना १०८ वर फोन करायला लावा आणि थेट दवाखाना गाठा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा पट्टीचा पोहणारा कुठे हरतो, माहितीये? प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात! जमिनीवर साप दगडांना, गवताला, खडबडीत मातीला रेटून पुढे जातो. पाण्यात पाणी ढकलतो. पण त्या ओल्या, शेवाळलेल्या, उतरत्या कागदावर रेटायला काहीच नाही. तो चढतो, घसरतो, पुन्हा चढतो, पुन्हा घसरतो. पोहता येत असूनही बाहेर येता येत नाही, आणि शेवटी थकतो.

दोस्तांनो, तुमच्या पायांचंही तिथे हेच होतं. कितीही छान पोहता येत असलं, तरी त्या कागदावर पाय टिकत नाही. पायऱ्या असलेल्या विहिरीतून चढून येता येतं, शेततळ्यात पायरीच नसते. चेंडू पडला, चप्पल पडली, कोकरू पडलं, तरी आत उतरायचं नाही. मोठ्यांना हाक मारायची. कुणी पडलं असेल तर काठावरूनच दोर, लांब काठी किंवा रिकामा बंद कॅन त्याच्याकडे टाकायचा. आपण उडी मारायची नाही.

आणि आज घरी एक काम करा. आई-बाबांना, आजोबांना विचारा : "आपल्या शेततळ्याला कुंपण आहे का? गाठी मारलेला जाड दोर काठाच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडलाय का?" नसेल, तर त्यांच्याकडून करून घ्या. माणसाला धरायला गाठ मिळेल, आणि एखाद्या दमलेल्या सापाला किंवा खारुताईला रेटायला खरखरीत जागा.

पुढच्या भागासाठी कोडं : बेडूक पाणी कशाने ढकलतो? लांबूनच बघा आणि मला सांगा. भेटू या!