स्वभाव कोणाचा, जोर कोणाचा
(पाडा समित्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मोठा मासा लहान माशाला खातो, हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कोणाला दोष द्यायचा नाही. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेठ हे बोलतो, शाळेत गुरुजी पण बोलायचे. त्याला जोडून दुसरी गोष्ट येते. आदिवासी स्वभावानेच भित्रा, भोळा, दारूत खूष, उद्याचा विचार न करणारा. म्हणजे शेठचा स्वभाव खाण्याचा आणि आपला स्वभाव खाऊन घेण्याचा. दोघांचाही स्वभावच आहे म्हटल्यावर तक्रार कोणाकडे करायची?

आपण मासे धरणारी माणसे आहोत. माशांबद्दल आपल्याला कोणी शिकवू नये. मोठा मासा खातो तो पोट भरेपर्यंत. पोट भरल्यावर तो वहीत लिहून ठेवत नाही, की तुझ्याकडे इतके बाकी आहे, तू मेल्यावर तुझा पोरगा माझ्याकडे येईल. वही, अंगठा, स्टॅम्प पेपर, पोलीस, हे काही माशाकडे नाही. हे माणसाने केलेले आहे, आणि ज्याच्या हातात जोर होता त्याने केलेले आहे.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचेच बघा. तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागातल्या म्हाताऱ्यांना लग्नगडी कोणाला म्हणायचे ते विचारा. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले, की तो माणूस सावकाराचा. त्याची बायको पण सावकाराची. दोघांनी राबायचे, जन्मभर. हिशोब सावकाराच्या वहीत, आणि वाचता येणारा सावकार एकटाच. पावसाळ्यात खावटीला भात उचलायचे, ते दिवाळीनंतर दीडीने नाहीतर दुपटीने द्यायचे. त्याच्यावर वेठ वेगळी. स्वतःचा आवण आवताखाली राहिला तरी आधी शेठच्या शेतावर जायचे, फुकट. नाय म्हटले तर झाडाला बांधून मार. बायांच्या बाबतीत काय काय झाले ते इथे बसलेल्या आयांना माहीत आहे. आम्ही पोरांनी ते बोलून दाखवायची गरज नाही.

आता ऐका. १९४५ सालच्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावाला वारली लोक जमले, काही हजार माणूस. किसान सभा, लाल बावटा, गोदूताई परुळेकर आणि शामराव परुळेकर. तिथे ठरले की वेठ करायची नाही, फुकट काम करायचे नाही. एवढेच ठरले. बंदूक नाय, कायदा नाय. आणि त्याच पावसाळ्यात गावोगाव वेठ बंद पडली, लग्नगडी सावकाराच्या वाड्यावरून उठून आपल्या घरी गेले. शेठ तेच होते. वारली पण तेच होते. स्वभाव म्हणजे हाडात असलेली गोष्ट ना? मग ती एका पावसाळ्यात कशी बदलली?

वेठबिगारी बंद करण्याचा कायदा दिल्लीत झाला १९७६ साली. लोकांनी बंद केल्यावर ३१ वर्षांनी. कायद्याची वाट बघत बसलेल्यांनी हा हिशोब ध्यानात ठेवावा.

ते सुखासुखी झाले असेही कोणी समजू नये. त्याच वर्षी गवत कापणीचा संप होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबरला तलवाड्याला सभा आहे, गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी बातमी जमीनदारांनी पसरवली, आणि सरकारला सांगितले की वारली दंगल करायला जमत आहेत. लोक रात्री जमले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण मेले, त्यात जेठ्या गांगड होता. गोळीबार झाला तरी माणसे दुसऱ्या दिवसापर्यंत तिथून हलली नाहीत. ज्यांना भित्रे म्हणतात ती ही माणसे.

भीती सगळ्यांना असते. हरणाला असते, वाघाला पण असते. एका पाड्यात एकदा जंगलचा गार्ड एकटाच नांगर जप्त करायला आला. आला तेव्हा तोंडात ‘ए, काय गं’ असे होते. वीस-पंचवीस बाया कोयते घेऊन गवताच्या भाऱ्यावरून उठल्या आणि नुसत्या त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. कोणी हात लावला नाही. पाचच मिनिटांत गार्ड ‘बाई, जरा पाणी द्या’ बोलायला लागला. पाणी दिले, आणि नांगर पाड्यातच राहिला. भीती त्याच्यात पण होतीच. रोज ती आपल्या वाटेला येते, त्या दिवशी त्याच्या वाटेला गेली.

जंगलाचे पण तेच आहे. जंगल कोणाचे, हे निसर्गाने लिहून दिलेले नाही. १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला आणि रेघ मारली, की ही राखीव, ही संरक्षित. आपल्या आजोबा-पणजोबांनी राबासाठी फांद्या तोडल्या तर तो त्या दिवसापासून गुन्हा झाला. काल शेती, आज चोरी. माणूस तोच, फांदी तीच, कोयता तोच. पुढे १९२७ चा कायदा आला, स्वराज्य आले, आणि रेघ तिथेच राहिली.

सरकारने २७ डिसेंबर १९७८ ला निर्णय काढला, की ३१ मार्च १९७८ ला जी वहिवाट जंगल जमिनीवर होती ती नियमित करायची. कागदावर चांगला होता. पण वहिवाटीचा पुरावा आणा म्हणायचे. पुरावा कुठला? दंडाची पावती. ज्याने ती फाडायची तो गार्डच. म्हणून तर तो कोंबडी घ्यायचा, बाटली घ्यायचा, नोटा घ्यायचा आणि पावती द्यायचा नाही. पावती दिली तर तुम्ही त्या सालात त्या जागेवर होता हे सरकारी सहीने सिद्ध व्हायचे. वही सावकाराच्या हातात होती तशी पावती गार्डच्या हातात होती. म्हणून दंड भरायची पाळी आलीच तर पावती घेतल्याशिवाय पैसा सोडू नका, मग तो कितीही कमी करून देतो बोलला तरी.

आता घरातले बोलतो, कोणी रागावू नये. शहरातून येणारे काही चांगले लोक सांगतात, आदिवासींच्यात हाव नसते. ऐकायला गोड वाटते, पण ते पण खरे नाही. नदीवर सगळे मिळून मासे धरतो तेव्हा ज्या घरात एकटी म्हातारी आहे तिचा वाटा आपण काढतो. आवणी सावडीने करतो. हे आपल्यात आहे आणि ते टिकवायचे आहे. पण वाटा निघतो तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर निघतो म्हणून. अंधारात वाटे घातले तर आपल्यातला पण कोणी मोठा मासा होतो. गार्डसाठी घरटी वर्गणी गोळा करणारा आपल्यातलाच असतो, आणि त्यातली थोडी त्याच्या कनवटीला राहते.

आणि एका पाड्यात आत्ता काय चालले आहे? एका बाईचा नवरा वारला. प्लॉट दोघांनी मिळून काढलेला, दगड तिने वेचलेले, बांध तिने घातलेला. आता दीर बोलतात, बाईच्या नावाने जमीन नसते, आमच्यात रीत नाही, ती माहेरी जाईल. एक जण तर बोलला की ती रात्री मंत्र करते. भुताळीचे नाव घातले की बाई पळते आणि जमीन मोकळी होते, हे आपण किती गावांत बघितले आहे. शेठ बोलतो ‘निसर्गाचा नियम’ आणि हे बोलतात ‘आमची रीत’. आम्हाला दोन्हीत फरक दिसत नाही. ते दीर संघटनेचे आहेत, मोर्चाला पुढे असतात, म्हणून गप्प बसायचे असे काही जणांचे मत आहे. आमचे नाही.

येत्या रविवारी पाड्यावर प्लॉटची यादी मोठ्याने वाचली जाईल. सर्वांनी यावे, बायांनी जरूर यावे. त्या बाईचे नाव तिच्या प्लॉटपुढे लिहायचे, की दिरांचे, हे तिथेच सगळ्यांसमोर ठरेल, आणि दिरांना जे बोलायचे ते त्यांनी तिच्या तोंडावर बोलावे. पावत्या असतील त्या पिशवीत घालून आणा, पाऊस आहे. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी शेजारच्या प्लॉटवाल्या दोन म्हाताऱ्यांना बरोबर आणावे.

जिंदाबाद.