आधाराची निवड

वार्धक्याने वा आजाराने पावलांचे बळ ओसरू लागले, की काठी किंवा चाकांची खुर्ची स्वीकारणे म्हणजे पराभवाची कबुली होय, हा जो समज घराघरांत दृढमूल झाला आहे, तो प्रथम मनातून काढून टाकावा. ताठ उभे राहून हात मोकळा सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, आणि काठी दुर्बळ पायाच्या विरुद्ध हातात धरावी. खुर्ची घेताना बैठकीची रुंदी, पाय टेकण्याची उंची आणि घरातील दारांचे माप, ही तिन्ही पडताळून, तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच निर्णय करावा. कानपूर येथे १९७२ साली स्थापन झालेले सरकारी महामंडळ अशी साधने तयार करते. ज्या आधाराने आजोबा पुन्हा अंगणात, देवळात, माणसांत येतात, त्याचा संकोच कशाला?