माशांच्या खाद्यात हळद-लसूण : किती, कशी आणि कधी नाही



आम्ही शाहूवाडी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. गटातून कर्ज काढून शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगळ सोडले. माशांच्या खाद्यात घालायच्या घरगुती औषधांविषयी आज बोलायचं आहे. पण आधी आमची चूक सांगतो.

पहिल्याच श्रावणात एका पहाटे मासे पाण्यावर येऊन आ वासत होते. आम्हाला वाटलं, रोग आला. हळद, लसूण, कडुलिंबाचा पाला, जे हाताला लागलं ते कालवलं आणि खाद्य दुप्पट टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला पाटीभर मासे मरून पडलेले. कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढं दिसला.

रोग नव्हताच. आपल्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हातच प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र स्वतःच तो वापरतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी. त्यात न खाल्लेलं खाद्य कुजलं, की उरलासुरलाही जातो. अशा वेळी खाद्य बंद करायचं आणि मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यात पाडायचं. तिथं हळद काही करत नाही.

मग हळद-लसूण कशाला? माशांची प्रतिकारशक्ती चांगली राहावी म्हणून. प्रयोगांत तसा उपयोग दिसला आहे. पण मापानं आणि मासे धड असतानाच.

माप असं. जाळं टाकून वीस मासे तोलायचे आणि सरासरी काढायची. समजा, हजार मासे आहेत आणि एकेक 100 ग्रॅमचा. म्हणजे तळ्यात 100 किलो मासे. त्यांना दिवसाला 3 किलो खाद्य पुरे : दीड किलो भाताचा कोंडा, दीड किलो शेंगपेंड. किलोला 5 ग्रॅम हळद आणि 10 ग्रॅम वाटलेला लसूण, म्हणजे तीन किलोला 15 ग्रॅम आणि 30 ग्रॅम. हळद घरी दळलेली घ्या. पिठाच्या पेजेत सगळं मळून गोळे करा आणि टोपलीत घालून पाण्यात सोडा. दोन तासांनी टोपली वर ओढा. गोळे उरले असतील तर उद्या कमी टाका.

शेवग्याचा पाला सावलीत वाळवून भुकटी केली, तर पेंडीचा थोडा भाग वाचतो. जास्त घातला तर वाढ खुंटते.

पेंडीला बुरशी आली असेल तर ती टाकूनच द्या. हळद लावून ती शुद्ध होत नाही.

आणखी एक. झाडाचं आहे म्हणून निर्धोक, असं समजू नका. मोहाची पेंडही झाडाचीच. पण बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला ती वापरतात. करंजीची पेंडही माशांना विषारी. म्हणून कुणी 'हर्बल' पावडर विकायला आलं, तर आधी विचारा : यात काय आहे आणि किलोला किती घालायचं? पुडीवर ते लिहिलेलं नसेल तर पैसे देऊ नका.

आता आम्ही पाळी लावली आहे. जिची पाळी, ती पहाटे तळ्यावर जाते, आधी पाणी बघते आणि मगच खाद्य मोजते. वहीत रोज लिहितो. तुम्हीही आधी वही घाला, मग हळद.