निवृत्तांचा आरोग्य विमा : निवड कशी करावी?

(कराड येथे निवृत्त शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राज्य शासनाचे बहुसंख्य कर्मचारी वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त होतात. सेवेत असताना मिळणारा वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीचा आधार त्याच दिवशी सुटतो. नेमक्या याच वयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार डोके वर काढतात. एका शस्त्रक्रियेत उपदानाची रक्कम खर्ची पडावी, अशी वेळ अनेक घरांवर येते. म्हणून विम्याचा विचार निवृत्तीपूर्वीच व्हावयास हवा.

निवृत्तांपुढे मुख्यत्वे दोन मार्ग आहेत. पहिला शासकीय योजनेचा. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2024 पासून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिच्याखाली वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेचा लाभ 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुला केला. घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असल्यास 5 लाखांचे हे संरक्षण दोघांत मिळून असते.

या मार्गात हप्ता नाही आणि जुन्या आजारासाठी थांबावे लागत नाही. मात्र उपचार ठरावीक, त्यांचे दर ठरावीक आणि रुग्णालयेही योजनेशी संलग्न असलेलीच. बाह्यरुग्ण तपासणी व रोजची औषधे यांचा खर्च त्यात येत नाही.

दुसरा मार्ग विमा कंपनीच्या पॉलिसीचा. येथे रुग्णालयाच्या निवडीस अधिक वाव असतो, पण वयाबरोबर हप्ता वाढतो. तो परवडत नसेल तर पूरक विमा घेता येतो. ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च रुग्णाने सोसावा, त्यावरचा कंपनीने द्यावा, अशी त्याची रचना असते. साहजिकच त्याचा हप्ता कमी पडतो.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. समजा, मर्यादा 3 लाखांची आहे आणि एकाच वर्षात 2 लाख व अडीच लाख अशी दोन देयके झाली. साध्या ‘टॉप-अप’मध्ये प्रत्येक देयक स्वतंत्र मोजले जाते, दोन्ही मर्यादेच्या आत असल्याने हाती काहीच येत नाही. ‘सुपर टॉप-अप’मध्ये वर्षाचा एकूण साडेचार लाखांचा खर्च धरला जातो व वरचे दीड लाख मिळू शकतात. वृद्धापकाळी रुग्णालयाच्या फेऱ्या वारंवार होतात. तेव्हा दुसरा प्रकार अधिक उपयोगी.

मग निवड कशी करावी? प्रथम घरापासून जवळचे व विश्वासाचे रुग्णालय शासकीय योजनेत आहे काय, आणि आवश्यक तो उपचार तेथे योजनेतून होतो काय, हे आरोग्यमित्राकडे विचारावे. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर शासकीय योजना पाया धरावी. पुण्या-मुंबईस जावे लागण्याचा संभव असेल तर पूरक विम्याची जोड द्यावी; परंतु योजनेबाहेरच्या रुग्णालयात त्या मर्यादेपर्यंतची रक्कम स्वतः उभी करावी लागेल, हे विसरू नये. तेवढी शिल्लक नसेल तर कमी मर्यादेची किंवा पूर्ण पॉलिसी पाहावी.

सातारा जिल्हा सैनिकांचा. माजी सैनिकांसाठी 2003 पासून स्वतंत्र अंशदायी आरोग्य योजना आहे. सत्तरीनंतर त्यांना ती किंवा आयुष्मान भारत, यांपैकी एकच निवडावी लागते. खाजगी विमा असणाऱ्यांस मात्र दोन्ही ठेवता येतात.

पॉलिसी घेताना आजार लपवू नये. 2024 च्या नियमांनुसार जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा 3 वर्षांहून अधिक असू शकत नाही. 58व्या वर्षी सत्य सांगून घेतलेली पॉलिसी 61व्या वर्षी त्या आजारालाही उपयोगी पडते. लपविलेला आजार ऐन वेळी दावा बुडवितो. पॉलिसी हाती आल्यावर 30 दिवसांत ती परत करण्याची मुभा असते. तेवढ्या अवधीत खोलीभाड्याची मर्यादा व रुग्णाने सोसावयाचा वाटा ही कलमे अवश्य वाचावीत. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

अखेरीस पंचायत सदस्यांसाठी एक काम. सत्तरीचे वय आधारपत्रावरून ठरते. गावातील अनेक वृद्धांची जन्मनोंद त्यावर चुकीची असते आणि हक्क असूनही ते वंचित राहतात. अशांची यादी करून नोंदी दुरुस्त करून घ्याव्यात व त्यांना आयुष्मान कार्ड मिळवून द्यावे. शिक्षकांनी पॉलिसीतील कलमे वाचून दाखवावीत. आजार सांगून येत नाही. कागदपत्रे मात्र आधी तयार ठेवता येतात. एवढे झाले तरी गावातील वृद्धांचा मोठा भार हलका होईल.